नदी ओलांडल्यावर लागणारा दम

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. गुळगुळीत रस्त्यावर मिरवणारी नव्हे, तर पायवाटा, दगडगोटे आणि चिखल तुडवणारी. माझी चाकं उंच आहेत आणि टायरांना खोल दात आहेत. सायलेन्सरही सीटच्या बाजूला वर चढवलेला आहे, म्हणजे पाण्यात शिरले तरी तो बुडत नाही. कारखान्यात मला जोडणाऱ्यांनी बराच विचार केला होता. एकच गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली आणि तिनं पुढे माझ्या नाकी नऊ आणले.

माझा पहिला मालक वनरक्षक होता. त्याच्याबरोबर मी कोरडं, खडकाळ रान पालथं घातलं. तो निवृत्त झाला तेव्हा मला धुऊनपुसून एका डॉक्टरताईंच्या हवाली करून गेला. "नुसता अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला की निघते," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या टाकीवरून हात फिरवून पाठमोरा झाला.

डॉक्टरताई जनावरांच्या डॉक्टर. त्या आपल्या मामा-मामींकडे राहत. खाली मामांचं गॅरेज होतं आणि शेजारच्या खोलीत ताईंचा दवाखाना. एका दारातून पेट्रोलचा वास यायचा, दुसऱ्यातून औषधांचा. गुरंढोरं असलेल्या बहुतेक वस्त्या नदीपलीकडच्या चढावर होत्या. पूल फार लांब होता. त्यामुळे ताई मला सरळ नदीत घालायच्या.

तिथूनच माझे हाल सुरू झाले. पाण्यातून मी कशीबशी बाहेर यायचे, पण चढ लागला की दम लागायचा. उभी असताना मी धडधडत राहायचे. ताईंनी जोर मागितला की मात्र घशात घास अडकल्यासारखी गुदमरून बंद पडायचे. ताई मला ढकलायच्या, थांबायच्या, पुन्हा किक मारायच्या. परत येताना खडबडीत वाटेवर हादरे बसले की मी आपोआप सुधारायचे. मामांसमोर पोचेपर्यंत ठणठणीत.

"हिला काहीही झालेलं नाही," मामा म्हणायचे आणि प्लग बदलायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मला कळत होतं कुठे दुखतंय ते. पण सांगणार कसं? मला तोंड नाही.

एकदा पलीकडच्या वस्तीवरची एक मेंढी ताई पोचायच्या आत दगावली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त त्यानंतर तिकडून बोलावणी येईनाशी झाली. ताईंनी औषधांची पेटी कोपऱ्यात ठेवली.

मामांनी हात टेकले. "पोरी, दे सोडून हिचा नाद. सुट्टे भाग तरी कामाला येतील."

"मामा, माझ्याकडे येणारा एकही पेशंट बोलत नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून मी त्यांचे सुट्टे भाग करते का?"

मामी हसल्या. मामाही मिशीत हसले आणि पाना उचलून उठले.

मग ताई आणि मामांनी मला नदीकाठी नेलं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, असं ताईंनी ठरवलं. आधी त्यांनी चालू इंजिनवर, प्लगच्या टोपीवर मगानं पाणी ओतलं. मी चालत राहिले. मग मला पाण्यातून काढलं आणि बंद पडल्याबरोबर हवेचा फिल्टर उघडून पाहिला. कोरडा ठणठणीत. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. मामांनी तिचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. त्यात पाण्याचा थेंबही नव्हता. पण पेट्रोलही वाटीच्या तळाशी उरेल एवढंच होतं.

"टाकी भरलेली, मग वाटी रिकामी का?" मामा पुटपुटले. मला घरी आणून ओसरीशी उभं केलं.

संध्याकाळी मामी ओसरीवर एका पोरक्या करडाला बाटलीनं दूध पाजत होत्या. करडू जिवाच्या आकांतानं ओढत होतं, पण बाटलीचं रबरी बोंड चपटं झालं होतं आणि दूध काही येत नव्हतं.

"अगं, हे पितच नाहीये," मामी म्हणाल्या.

ताईंनी बाटलीचं झाकण जरा सैल केलं. आत हवा शिरली, बुडबुडा वर गेला आणि दूध वाहू लागलं. ताईंनी तो बुडबुडा पाहिला. मग उठून थेट माझ्याजवळ आल्या.

"मामा, या वाटीला हवा कुठून मिळते?"

मामांनी बोटानं दाखवलं. वाटीपासून दोन बारीक रबरी नळ्या खाली चाकाच्या बाजूला लोंबत होत्या. हवा आत गेली नाही तर टाकीतलं पेट्रोल वाटीत उतरत नाही. नदीत त्या नळ्यांची तोंडं पाण्यात बुडायची आणि बाहेर येताना गाळानं बुजायची; हादऱ्यांनी तो गाळ झडला की मी सुधारायचे. माझं दुखणं ते होतं. दोघंही अखेर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले होते.

ताईंनी मला सुरू केलं आणि दोन्ही नळ्या चिमटीत दाबून धरल्या. मामांनी कान पिळला. थोड्याच वेळात मी गुदमरले, अगदी चढावर गुदमरायचे तशी. त्यांनी नळ्या सोडल्या आणि मी मोकळा श्वास घेतला.

"आपण हिची छाती तपासत बसलो," मामा म्हणाले, "आणि हिचं नाक चिखलात."

ताईंनी सलाईनची नळी पुढे केली. मामांनी मान हलवली. "ही पेट्रोलनं कडक होईल. थांब." त्यांनी खोक्यातून चांगली रबरी नळी काढली. प्रत्येक नळीला मध्ये एक फाटा जोडला आणि तो वर टाकीखाली नेऊन बांधला. आता खालची तोंडं बुजली तरी वरून श्वास घेता येणार होता.

कसोटी लगेच लागली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दूधवालीचा फोन आला. तिची गाय विताना अडली होती. "मेंढीच्या वेळेसारखं होऊ देऊ नका, बाई," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. तिच्याकडे तेवढी एकच गाय होती.

नदी फुगलेली होती. मामा काठापर्यंत आले. ताईंनी पेटी पाठीला बांधली आणि मला पाण्यात घातलं. पाणी इंजिनावर चढलं, वाफ उठली, गोटे चाकांखालून निसटले. मी धडधडत राहिले. पलीकडचा काठ आला, मग तो चढ. ताईंनी कान पिळला. मित्रांनो, मी एकदाही अडखळले नाही! नवी होते तेव्हाही मी अशी चढले नव्हते.

गोठ्याच्या दारातून मी सगळं पाहिलं. वासराचा पुढचा एक पाय आत दुमडला होता. ताईंनी बाही वर सारली, वासराला हळूच मागे लोटून पाय सरळ केला आणि गायीच्या कळांबरोबर ओढत राहिल्या. वासरू भुईवर आलं. त्यानं शिंकून डोकं हलवलं आणि गाय त्याला चाटू लागली.

दूधवाली बाहेर येऊन माझ्या तापलेल्या इंजिनापाशी उभी राहिली. "चढावर हिचा आवाज ऐकला," ती म्हणाली, "आणि तिथेच माझ्या जिवात जीव आला."

त्यानंतर पलीकडून इतकी बोलावणी आली की मामा तक्रार करू लागले, गाडी गॅरेजात दिसतच नाही म्हणून.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी सायकल, एखादा पंखा किंवा एखादं मुकं जनावर अडखळत असेल. त्याला टाकून देऊ नका. ते कधी अडखळतं, कशानंतर अडखळतं, एवढं नीट बघा आणि थोडा धीर धरा. आम्हाला बोलता येत नाही, पण समजून घेणारं कुणी भेटलं, की आम्ही भर नदीतून, पूर्ण जोरात तुम्हाला पलीकडे नेतो.