मावशींची दोन मिनिटं

"ही बासरी नको," मी म्हटलं. "कोणी गेल्यावर लावतात तसली वाटते."

"अहो सिस्टर, निरोप समारंभ आहे," ऑफिसातला क्लार्क माऊसवरचा हात न काढता म्हणाला. "लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला नको? नुसते फोटो कोण बघतंय!"

फोटो मीच जमवून दिले होते. नवजात बाळांच्या आमच्या वॉर्डातल्या आयाबाई, अख्ख्या हॉस्पिटलच्या मावशी, त्या दिवशी निवृत्त होणार होत्या. प्रत्येक फोटोत त्यांच्या हातात कोणाचं तरी बाळ आणि तोंड अर्धवट उघडं. बाळ पुसताना त्या एकतर गुणगुणत, नाहीतर त्याला दटावत. "रडतोस काय मेल्या? अजून जग बघितलंयस कुठं!"

"बरं, मग एका फोटोपुरतीच ठेवा."

"छे! शेवटपर्यंत वाजेल अशी लावलीय. संपली की परत पहिल्यापासून. तुम्ही बघाच."

मावशींना संगीताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी एकच मागितलं होतं: बोलायला दोन मिनिटं. वॉर्डातला गिझर बंद पडून वर्ष होत आलं होतं. अर्ज करून करून आमचे हात दुखले, आणि मावशी खालच्या कॅन्टीनमधून किटलीनं गरम पाणी वर आणत राहिल्या. "उद्यापासून जिना कोण चढणार? अध्यक्षसाहेबांच्या तोंडावरच सांगते. चारचौघांत त्यांना नाही म्हणता यायचं नाही." भाषण त्यांनी मला म्हणूनही दाखवलं होतं. 'माननीय अध्यक्ष महोदय' म्हणताना 'महोदय'वर दर वेळी जीभ अडखळे आणि त्या स्वतःच खुदकन हसत.

हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष उशिरा आले. सभागृहात अंधार, पडद्यावर मावशींचा भला मोठा चेहरा, भोवती क्लार्कनं हौसेनं काढलेली पांढरी फुलं, आणि ती बासरी. अध्यक्ष दारातच थबकले. मान खाली घालून, हात बांधून उभे राहिले. ते उभे म्हणून मोठे डॉक्टर उठले. डॉक्टर उठले म्हणून सगळे. पहिल्या रांगेतल्या मावशीही उठल्या. साहेब उभे असताना बसून राहायची त्यांना सवयच नव्हती.

"कोण गेलं हो, सिस्टर?" त्यांनी माझ्या कानाशी विचारलं.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आवाज चढवायचा नाही, असा रोज सकाळी देवापुढे घेतलेला माझा नेम. "साहेब, मावशी इथेच आहेत," मी नेमातल्या आवाजात म्हटलं. बासरीखाली ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मी क्लार्ककडे वळले. "बंद करा ते!"

"थांबत नाहीये हो," तो बटणं दाबत पुटपुटला.

दोन मिनिटं झाल्यावर अध्यक्षांनी मान वर केली. "संस्थेची हानी झाली," ते डॉक्टरांना म्हणाले. "घरच्यांना माझ्या संवेदना कळवा." त्यांना पुढचा कार्यक्रम होता. ते गेले.

डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी मान डोलावली होती!

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"जाऊ द्या ना, सिस्टर. साहेबांना ओशाळं वाटलं असतं."

"आणि मावशींना?" मी ओरडले. सगळं सभागृह वळून बघू लागलं. नेम मोडला. देव समजून घेईल. डॉक्टरांनी घ्यावं अशी माझी अपेक्षा नाही.

मावशी पडद्याकडे बघत होत्या. पांढरी फुलं, बासरी, आपला चेहरा. मग त्या माझ्याकडे वळल्या. खुर्चीवरचा पुष्पगुच्छ त्यांनी उचलला आणि निघाल्या.

मी वॉर्डात पोहोचले तेव्हा पुष्पगुच्छ रिकाम्या बादलीत उभा होता. मावशी किटली घेऊन जिना चढून आल्या, धापा टाकतच पाणी टबात ओतलं, बाही सारून कोपरानं ते किती गरम आहे पाहिलं आणि सकाळी जन्मलेलं बाळ उचललं.

"माननीय अध्यक्ष महोदय," त्या बाळाला म्हणाल्या. जीभ अडखळली नाही. "मी वॉर्डातली आया. माझं एकच म्हणणं आहे."

बाळ टक्क डोळ्यांनी ऐकत राहिलं. पाणी निवायच्या आत त्यांनी भाषण संपवलं आणि कोरडं केलेलं बाळ माझ्या हातांत दिलं.