कळवतो

ए, हसू नकोस गं, आधी ऐक तर! सकाळी तू फोन केलास, तो बाबांनी उचलला आणि तुला एकदम ‘नमस्कार मॅडम’ म्हणाले, त्यामागे केवढा घोळ आहे ते ऐक.

काल माझी ती रिसेप्शनची मुलाखत होती ना? परीक्षा संपल्यापासून नुसते अर्ज टाकतेय, पहिल्यांदाच कुणीतरी ‘या’ म्हटलं. मी वेळेआधीच हजर. मोबाइल बंद करून एका ट्रेमध्ये ठेवायला लावला. मग बसा. बसा म्हणजे बसाच! पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. दुपारी एक टायवाले साहेब बाहेर आले. “आमची रिसेप्शनिस्ट सोडून गेलीय. जरा काउंटरवर बस.”

“आणि मुलाखत, सर?”

“अगं, हीच. फोन स्पीकरवर ठेव, मी मागे बसून ऐकतो. जरा भारदस्त बोल. कुणी नोकरीचं विचारलं तर एकच शब्द, ‘कळवतो’.”

मी बावळटासारखं विचारलं, “कधी कळवायचं?”

हसले की गं! “कळवायचं नसतं. म्हणायचं असतं.”

मी उशाशी मोबाइल घेऊन झोपतेय ती याच शब्दाच्या भरवशावर ना! पण बसले. तुला माहितीय, बाबांना आता नीट दिसत नाही. टपरीवर चाव्या चुकीच्या घासल्या जातात, गिऱ्हाइकं परत येऊन वाट्टेल ते बोलतात. माझा पगार सुरू झाला की टपरी बंद, असं ठरलंय आमचं.

तर मी सुरू! आवाज असा जाड काढला, एकदम मॅडम. एक जणी फाइल घेऊन घामाघूम होऊन आली. “कळवतो.” एकाचा फोन. “कळवतो.” मागे साहेब खूश.

संध्याकाळी परत फोन वाजला. उचलला तर आधी घर्रर्र… चावी घासायचं मशिन!

“नमस्कार मॅडम.” बाबा! “जाहिरातीतला नंबर बघून फोन केला. माझी मुलगी आलीय तिथं मुलाखतीला. सकाळपासून तिचा फोन बंद लागतोय. आहे का हो अजून?”

साहेब पुढे झुकलेले.

“तिला सांगू नका हं मी फोन केलेला, चिडेल. डबा विसरून गेलीय घाईत. पोरगी हुशार आहे मॅडम, फक्त आपणहून काही मागायची नाही. तेवढं सांभाळून घ्या.”

अगं, जिभेच्या टोकावर ‘बाबा’ आलं होतं. साहेबांनी हातानं खूण केली, आटप. आणि मी म्हटलं, त्याच जाड आवाजात, “कळवतो.”

“उपकार झाले मॅडम.”

साहेबांनी चक्क टाळी वाजवली. “झक्कास! उद्यापासून ये. सुरुवातीचे सहा महिने पगार नाही हं, शिकतेयस ना तू.”

मी ट्रेमधून मोबाइल उचलला. म्हटलं, “कळवते.” ऐट नव्हती गं, दुसरं काही तोंडातून निघेचना.

घरी पोचले तर बाबा दारातच. “काय म्हणाले?”

“कळवतो म्हणाले.”

“मग होणार बघ! तिथल्या मॅडम इतक्या…” जीभच चावली त्यांनी. “म्हणजे, असतील ना कुणी मॅडम. चांगल्याच असतील.” आणि हात पुढे केला. “मोबाइल माझ्याकडे दे. तू गप्पा मारत बसशील नि त्यांचा फोन हुकेल.”

आता टपरीवरूनच आले मी. मोबाइल मशिनशेजारी ठेवलाय. अर्धी चावी घासतात, मशिन बंद करतात, कान देतात, परत सुरू करतात. गिऱ्हाईक ताटकळत उभं.

सांग ना, तू असतीस तर काय केलं असतंस?