जागच्या जागी

जहाज हे जाण्यासाठीच जन्माला येतं, यावर कॅप्टनची अढळ श्रद्धा होती. त्यामुळे त्यांच्या मालवाहू जहाजाच्या पोटाला आरपार भोक पाडलं गेलं, तेव्हा त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. भोकावर उंच मनोरा उभा राहिला. त्यातून पाइप सोडायचा, समुद्राचा तळ खणायचा आणि लाखो वर्षांपूर्वीचा चिखल वर काढायचा, असा शास्त्रज्ञांचा बेत होता. पाइप मोडू नये म्हणून जहाजाने जागचं हलायचं नाही. त्यासाठी तळाला पाणी ढकलणारे सहा नवे पंखे बसवले. कुठेही न जाण्यासाठी सहा!

"जन्मात कधी एका जागी बसला नाहीत," बायको म्हणाली, "आता पगार घेऊन बसा."

आज चाचणी होती. भर समुद्रात संध्याकाळपर्यंत संगणक जहाज सांभाळणार, कॅप्टननी नुसतं हजर राहायचं. सुकाणूच्या चाकाला हात लावला की नापास, आणि मग या खुर्चीत दुसरा कॅप्टन. परीक्षक बाईंनी हे हसतमुखाने सांगितलं.

दुपारी वारा सुटला. जहाजाचं नाक जरा एका बाजूला वळलं. कॅप्टनचा हात आपसूक उठला.

"साहेब, हात!" चीफ इंजिनिअर पुटपुटला.

"डोकं खाजवतोय."

"मग खाजवा तरी."

कॅप्टननी टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात खाली पंखे घुमले आणि नाक मुकाट्याने जागेवर आलं. कॅप्टननीही नेमकं हेच केलं असतं. फक्त चारपाच जणांवर खेकसून.

वारा वाढला, तसे ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

"चहा घेणार?"

"कुठल्या हाताने?"

शेवटी चीफनेच कप त्यांच्या तोंडाला लावला. परीक्षक बाईंनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. सकाळचंच पाणी होतं.

दिवस मावळला. "अभिनंदन, कॅप्टन. जहाज तुमच्याकडेच राहील."

कॅप्टननी मुंग्या आलेले हात सोडवले. घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, समजा मी चाक फिरवलंच असतं, तर जहाज कितपत सरकलं असतं?"

"अजिबात नाही," बाई बॅग आवरत म्हणाल्या. "चाचणी सुरू करतानाच चाकाची जोडणी काढून ठेवली होती."