नवऱ्याचं कौतुक

कुठून दुर्बुद्धी सुचली आणि तोंड उघडलं, असं तिला झालं होतं. कंपनीने नवऱ्याची परदेशी बदली केली, म्हणून ती लेकीला घेऊन इथे आलेली. इथे राहण्याच्या आणि कामाच्या परवान्याची मुदत संपत आली, तशी चौकशीला एक अधिकारी घरी आला. नवरा कामावर. आता दारी आलेल्या माणसाला चहा तरी द्यायला नको का? दिला. त्यात इथली भाषा नुकतीच शिकलेली, जीभ नुसती शिवशिवत होती.

"ह्यांच्यावाचून कंपनीचं पान हलत नाही," ती म्हणाली. "महिनाभर नदीपलीकडच्या कारखान्यात यंत्रं बसवतायत. तोही आमच्याच मालकाचा. साहेबांनी शब्द टाकला की हे निघाले!"

तो हसला, चहा संपवून गेला. तीही खूश.

परवाना मात्र फक्त नदीअलीकडच्या कारखान्याचा होता. मालक एक असेना का, कायद्याच्या लेखी कंपन्या दोन. नवऱ्याला हे ठाऊक होतं. पण साहेबाला नाही म्हणायचं कसं? आणि बायकोला उगाच घोर नको म्हणून घरी अवाक्षर काढलं नाही. साहेबाने आता कानांवर हात ठेवले होते. म्हणे, आम्ही पाठवलंच नाही.

आज दोघं परवान्याच्या कचेरीत बसली होती, लेक आईच्या मांडीवर. पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी हात टेकलेले; इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनने येईल. पुढच्या महिन्यातली तारीखही मिळाली होती. परवाना गेला की ती तारीख गेली.

टेबलामागच्या बाईंनी तिचीच वाक्यं तिला वाचून दाखवली. चहासकट.

"खोटं आहे ते!" ती ओरडली. "हे कुठले जातात पलीकडे? अहो, एक नंबरचे आळशी! स्वतःचा कप विसळत नाहीत. कंपनीत कुत्रं विचारत नाही ह्यांना! मीच मेली उगाच फुशारकी मारली."

रडत रडत ती नवऱ्याला नाही नाही ते बोलत होती. आईचे भराभर हलणारे ओठ बघून लेकीला गंमत वाटली, ती हसली.

"म्हणजे तुम्ही अधिकाऱ्याशी खोटं बोललात?" बाईंनी विचारलं. "तो तुमच्यावर वेगळा गुन्हा होईल."

"होऊ दे! घाला मला तुरुंगात. पण माझ्या पोरीला ऐकू येऊ द्या हो!"

नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला. लग्न झाल्यापासून चारचौघांत त्याने कधी तिची बाजू घेतली नव्हती. सासूबाईंपुढे तर मिठाची गुळणी धरून बसायचा.

"माझी बायको खरं तेच बोलली," तो म्हणाला. "मी जात होतो पलीकडे."

"गप्प बसा हो," ती पुटपुटत राहिली, "पाया पडते, गप्प बसा."

बाईंनी 'रद्द'चा शिक्का उचलला आणि परवान्यावर दाणकन आपटला. ती दचकली, नवरा दचकला, मागच्या बाकावरची माणसंही दचकली. लेक तेवढी आईच्या बांगड्यांशी खेळत होती.