माप कुठलं घेतलंत?

"आता औषध द्यायचं की नाही, हे शिंपीणबाईंनाही विचारायचं म्हणे!"

शेजारच्या खुर्चीतले प्रोफेसर पलीकडच्या डॉक्टरांच्या कानात पुटपुटले. मी बहिरी नाही. औषधांच्या समितीवर एक खुर्ची सामान्य माणसाची असते, ती माझी. आजवर माझं काम म्हणजे बिस्किटं खाणं आणि सही करणं.

स्नायू झिजण्याच्या आजारावरचं औषध होतं. चाचणी संपली होती; ते रोग्यांना पुढे मिळावं की बंद व्हावं, हे आज ठरायचं होतं. सहा मिनिटांत रोगी किती चालतो, एवढंच मोजलेलं. औषध घेणारे आणि न घेणारे सारखेच.

"उपयोग शून्य," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आकडेच बोलतात."

सकाळी एक निवृत्त शिक्षिका चाकांच्या खुर्चीतून येऊन बोलून गेल्या होत्या. "चालणं माझं सात वर्षांपूर्वीच गेलं हो. पण या औषधानं बोटं टिकलीत. संडासला गेल्यावर माझं मी धुते. औषध बंद झालं की हे सुनेला करावं लागेल." एवढं बोलून त्यांनी रुमालानं स्वतःचं नाक पुसलं आणि आम्ही सगळ्यांनी कागदांत माना घातल्या. मीसुद्धा. पत्र पाठवणाऱ्या आणखी अकरा जणांनी हेच लिहिलं होतं.

त्या माना आठवल्या आणि माझं डोकं फिरलं.

"टोपी शिवायची आणि माप कमरेचं घ्यायचं? गिऱ्हाईक कापड तोंडावर फेकेल माझ्या! बोटांचं माप कुणी घेतलं?"

"बाई, तुमच्या भावना समजतात," प्रोफेसर हसले. "पण त्या तक्त्यात बसत नाहीत."

"तक्ता काय आभाळातून पडला? पाय मोजायचे, हात सोडायचे, हे कुणी ठरवलं?"

अध्यक्षबाईंनी सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला. 'पुराव्याअभावी नामंजूर.'

मी पेनाला टोपण लावलं. "शोधलंच नाहीत, आणि सापडलं नाही म्हणता? नाही द्यायचं तर नका देऊ. पण कारण खरं लिहा. कोण लिहितंय?"

सगळे पुन्हा कागदांत. प्रोफेसर मात्र चष्मा पुसत राहिले, पुसत राहिले.

"लिहा," ते शेवटी अध्यक्षबाईंना म्हणाले. "आकड्यांनी काहीच ठरवलेलं नाही. त्या बाईंनी आपलं आपण धुवावं, याला आम्हीच मोल दिलं नाही."