वाढत्या अंगाची बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक. वीस बोअरची, एकावर एक अशा दोन नळ्यांची, अक्रोडाच्या दस्त्याची. जुनी असले तरी पोक्त मात्र नाही हो! मला मेलीला एका जागी स्वस्थता म्हणून नाही. पाय नाहीत हेच बरं, नाहीतर पायाला भिंगरी लावून कॅनडाभर फिरले असते. आता ग्वेल्फमधल्या एका बेसमेंटमध्ये, लोखंडी कपाटात, कुलपाआड उभी आहे. बाहेर खोकी सरकवल्याचे आवाज येताहेत. चिकटपट्टी चर्रर्र करून ओढली जाते आहे. आमची अबोली शिकायला हॅलिफॅक्सला निघाली आहे. माझं काय होणार, हे मला कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, बसल्या बसल्या तुम्हालाच सारं सांगून टाकावं.

घाबरू नका, मी पोटात काडतूस ठेवून बोलत नाही. आमच्या घरात काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात असतात आणि दोन्ही किल्ल्या अबोलीच्या बाबांकडे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझा दस्ता इतका घासला होता, की त्यात त्याला स्वतःचं नाक दिसे. तिथून मी ग्वेल्फजवळच्या एका गोठेवाल्या शेतकऱ्याकडे आले. त्याने मला आपल्या बायकोसाठी, मार्जसाठी घेतलं होतं. मार्ज उंच, लांब हातांची बाई. दर रविवारी आम्ही क्लबात जात असू. तिथे यंत्रातून मातीच्या नारिंगी चकत्या उडतात आणि त्या हवेतच फोडायच्या असतात. तीस वर्षं मार्जने मला लेकीसारखं पुसलं, तेल लावलं. लोक म्हणत, “काय सुंदर बंदूक आहे!” आणि मी फुगून जाई.

मग मार्जचा खांदा धरला. मी नऊ वर्षं पोटमाळ्यावर पडून राहिले. नळीवर गंजाचा ठिपका आला. ती गेल्यावर मला एका दुकानात आणून ठेवलं, जुन्या बंदुकांच्या रांगेत. दाराची घंटा वाजली की माझा जीव टांगणीला लागे. गिऱ्हाईक शेजारणीला उचलून नेई आणि मी तशीच.

दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरात परीक्षित आले. मूळचे नागपूरचे, इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्यांची मुलगी अबोली मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर त्याच क्लबात गेली होती. पहिल्याच दिवशी, क्लबच्या छोट्या बंदुकीने, तिने दहांतल्या सहा चकत्या फोडल्या. घरी येऊन पोरगी झोपेना. आई, म्हणजे सीमा, आधी कपाळाला हात लावून बसली. “आपल्या घरात बंदूक? नागपूरला सांगू काय?” पण पोरीच्या डोळ्यांतली चमक तिने पाहिली होती. शेवटी हो म्हणाली. परीक्षितांनी कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स यायची कित्येक महिने वाट पाहिली. हौसेला मोल नसतं, म्हणतात ते असं.

दुकानदाराने विचारलं, “हाउ टॉल इज शी?”

परीक्षितांनी आपल्या छातीपाशी हात धरला.

“मग तिला घेऊन या ना.”

“नको, बर्थडे सरप्राइझ आहे. शी विल ग्रो,” परीक्षित हसत म्हणाले.

मित्रांनो, इथेच चुकलं. तुम्हाला माहीत आहे ना, आपल्याकडे मुलांसाठी काहीही घेताना मोठी माणसं काय म्हणतात? ‘वाढत्या अंगाचं घ्या.’ शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे, पुढे कापूस कोंबलेला. ही सवय ही माणसं पुण्या-नागपूरहून विमानात घालून आणतात, तिला सामानाची मर्यादा नसते. सीमाने घेतलेलं अबोलीचं विंटर जॅकेटही दोन मापं मोठं होतं. बाह्या इतक्या लांब, की पोरीला हातमोज्यांची गरजच पडू नये. तशीच मी. वाढत्या अंगाची बंदूक.

वाढदिवसाला अबोलीने मला पाहिलं आणि “ओ माय गॉड, बाबा!” म्हणून त्यांच्या गळ्यातच पडली. तेरा वर्षांची, पण दहाची वाटावी अशी चणीने बारीक. मी आनंदाने वेडी व्हायची तेवढी राहिले होते. कुणाला तरी मी हवी होते!

पण क्लबात तिने मला उचललं आणि माझ्या काळजात धस्स झालं. दस्ता खांद्याच्या खळग्यात बसायला हवा. तिथे मी बसतच नव्हते, माझा दस्ता तिच्या हाताला फार लांब होता. चाप गाठायला पोरगी मान ताणून मागे झुकायची आणि मी खांद्यावर न बसता दंडावर बसायची. त्यात ते गुबगुबीत जॅकेट. “पुल!” असं ती ओरडली, चकती उडाली, चाप ओढला गेला आणि मी तिला अशी सणकन लाथ मारली, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्लबात मुलांना शिकवायला बेव्हबाई होत्या. सत्तरीच्या, स्वतःही बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांना ‘अबोली’ म्हणता येईना, म्हणून त्या ‘बोली’ म्हणत. आता गंमत बघा, नाव बोली आणि पोरगी बोलेल तर शपथ! बेव्हबाईंनी पहिल्याच रविवारी परीक्षितांना सांगितलं, “दस्ता लांब आहे. कापून घ्या.”

“शी विल ग्रो,” परीक्षित पुन्हा म्हणाले. एवढी देखणी बंदूक कापायची? त्यांना ते ऐकवेना.

“वेल, इट्स अप टू यू,” बाई म्हणाल्या. इथली माणसं भारी सभ्य. कधी कधी जरा कमी सभ्य असती तर बरं झालं असतं.

जूनमध्ये क्लबच्या ज्युनिअर संघासाठी चार मुलं निवडायची होती. अबोलीला त्या चारांत यायचं होतं, बाकी काही नको होतं. पण दर रविवारी गाडी उलटीच चालली. पंचवीस चकत्यांपैकी आधी नऊ, मग सहा, मग तीन. चाप ओढायच्या आधीच ती डोळे मिटायची, हे फक्त मला ठाऊक होतं. तिचा गाल माझ्यावर टेकलेला असे ना, पापणी मिटलेली मला कळायची. मी मनात ओरडायची, ‘अगं, सांग ना त्यांना!’ परीक्षित विचारत, “दुखतं का गं?” ती म्हणे, “आय अ‍ॅम फाइन, बाबा.” आणि मी पेटीतून घरी येईपर्यंत तळमळत राही. मला तोंडं दोन, पण बोलायचं एकही नाही.

मार्चमध्ये गाडीत ती एकदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाबा, आय डोन्ट थिंक आय लाइक इट एनीमोअर.”

परीक्षितांचा चेहरा उतरला. “अगं, इतकं सगळं केलं आपण आणि आता कंटाळलीस? अशी धरसोड बरी नाही, अबोली. प्रॅक्टिस कर, येईल.”

मागच्या सीटवर मी माझ्या पेटीत होते. पोरीचा जीव ज्यात होता, तेच ती माझ्यापायी सोडायला निघाली होती. त्या दिवशी मला पोटमाळ्याची आठवण झाली आणि वाटलं, तिथेच बरी होते मी. कुणाला दुखवत तरी नव्हते.

पुढच्या शनिवारी दुपारी मी बेसमेंटमधल्या टेबलावर होते. परीक्षितांनी मला साफ करायला काढलं होतं. कोपऱ्यात सीमाचं शिवणयंत्र आहे. मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात अबोली नाचणार होती, तिच्यासाठी परकर-पोलकं शिवायचं होतं. सीमा टेप घेऊन माप घेत होती.

“हात वर कर.”

अबोलीने अर्धाच वर केला आणि “स्स” केलं.

“काय झालं?”

“नथिंग, आई.”

सीमाने बाही वर सारली. दंडावर तळहाताएवढा डाग. कडेने पिवळा, मध्ये काळानिळा.

“हे नथिंग? वांग्याच्या रंगाचा झालाय दंड! कधीपासून?”

अबोलीने बाही खाली ओढली. सीमाने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. “परीक्षित, ती रिकामी आहे ना?” तिने विचारलं. त्यांनी मला उघडून दोन्ही नळ्या दाखवल्या. तशी ती तीच टेप घेऊन आली आणि माझ्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत लावली. “साडेचौदा इंच.” मग पोरीचं कोपर दुमडून, कोपरापासून चापाच्या बोटापर्यंत लावली. “सव्वाबारा. पोलकं मी हिच्या मापाचं शिवते, बंदूक तू कुणाच्या मापाची आणलीस?”

“अगं, म्हटलं वाढत्या अंगाची...” परीक्षित चाचरले. “तू नाही का जॅकेट आणलंस?”

“जॅकेट अंगाला मारत नाही, परीक्षित.”

ते खुर्चीवर मटकन बसले. अबोलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “मला वाटलं, बाबाला सॅड वाटेल. ही वेटेड सो लाँग फॉर दॅट लायसन्स.”

परीक्षितांनी तिला जवळ ओढलं. “मीच मूर्ख. मी दुखतं का विचारायचो आणि तू नाही म्हणालीस की मला बरंच वाटायचं,” ते म्हणाले.

सीमाने डोळे पुसले आणि पुन्हा कापडाकडे वळली. तिला रडताना हाताला काम लागतं.

“पण आई, ब्लाउज पुढच्या इयरला लहान होईल ना?” थोड्या वेळाने अबोलीने विचारलं.

“मग माया कशाला ठेवते मी?”

“व्हॉट माया?”

सीमाने एक जुनं पोलकं उलटं करून शिवण दाखवली. “हे बघ. कापड बेतायचं मापाचंच. जास्तीचं असतं ते आत शिवणीत दाबून ठेवायचं. त्याला माया म्हणतात. बाहेरून दिसत नाही, पण असते. तू वाढलीस की उसवून तेवढी मोकळी करायची.”

अबोलीने शिवणीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. “कॅन वी डू दॅट टू द गन?”

या वेळी परीक्षित दुकानात मुलीला घेऊन गेले. दुकानदार काही बोलला नाही, मिशीत हसला फक्त. त्याने माझ्या दस्त्यावर पेन्सिलीने रेघ मारली. खोटं कशाला बोलू, करवत पाहून माझी पाचावर धारण बसली. मार्जने तीस वर्षं पुसलेलं ते लाकूड! पण तो दंड आठवला आणि म्हटलं, चालव बाबा एकदाची. कापलेल्या तुकड्यातून त्याने तीन लाकडी चकत्या काढल्या, प्रत्येकीला स्क्रूची भोकं पाडली आणि माझ्या टोकाला जाड रबर बसवलं. हलक्या माऱ्याची काडतुसं दिली. चकत्या हातात देत म्हणाला, “जपून ठेवा. ही वाढेल तशी एकेक परत लावू.” सीमाने त्या दोऱ्याच्या डब्यात ठेवल्या.

दंड पुरता बरा झाल्यावरच आम्ही पुन्हा मैदानात उतरलो. मी तिच्या खांद्याच्या खळग्यात बसले, गाल माझ्यावर टेकला. “पुल!” पापणी मिटली नाही. मातीच्या चकतीचा नुसता धुरळा झाला आणि बेव्हबाई ओरडल्या, “देअर यू गो, बोली!” पोरगी अशी हसली, की इतक्या महिन्यांची माझी सगळी तळमळ त्यात धुऊन निघाली.

जूनच्या निवडीत ती पाचवी आली. घेणार होते चार. रडली, चिडली, आणि पुढच्या रविवारी माझी पेटी सर्वांच्या आधी दाराशी तीच घेऊन उभी. पुढच्या वर्षी संघात होती, त्याच्या पुढच्याही. दोन हजार सतरात माझ्या दस्त्याला पहिली लाकडी चकती लागली, अठरात दुसरी. तिसरी कधी लागलीच नाही. अबोली पाच फुटांवर येऊन जी थांबली, ती थांबलीच. वाढत्या अंगाचं म्हणून जे घेतलं होतं, तेवढं तिचं अंग वाढलंच नाही बघा.

थांबा हं. किल्ली वाजली.

...काय सांगू मित्रांनो! मला वर दिवाणखान्यात नेलं. स्कारबरोहून ग्वेल्फला राहायला आलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यांची कृतिका अकरा वर्षांची, काडीसारखी. नुकतीच क्लबात जायला लागलेली. तिचे बाबा निहार मला बघून म्हणाले, “मस्त आहे! आता लायसन्सही आलंय. आहे तशीच देऊन टाका, हिची उंची काय, वाढेलच.”

परीक्षितांनी हात वर केला. “तुम्ही एकटे आला असता तर मी कपाट उघडलं नसतं. आधी मुलगी, मग बंदूक.”

अबोलीने मला उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि कृतिकाच्या हातात दिलं. पोरीने मला खांद्याला लावलं, मान ताणली, मागे झुकली. तोच ताण, तेच झुकणं. माझा जीव पुन्हा टांगणीला.

“लांब वाटतेय?” अबोलीने विचारलं. “खरं सांग. नोबडी विल बी सॅड.”

कृतिकाने आपल्या बाबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “येस. खूप लांब आहे.”

अबोली हसली आणि पेचकस घेऊन खाली बसली. दोन्ही लाकडी चकत्या उतरवून तिने कृतिकाच्या आईच्या हातात दिल्या. “आंटी, दोऱ्याच्या डब्यात ठेवा.” सीमाने तिसरी आणली, तशी अबोलीने ती घेऊन आपल्या जॅकेटच्या खिशात टाकली. “ही मी हॅलिफॅक्सला नेणार. दिस इज माय माया.” सीमा तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली, बहुधा हाताला काम शोधायला.

मित्रांनो, मला तेल लावा, कोरडी ठेवा, कुलपात ठेवा, एवढं तर मी मागणारच. पण मोठ्यांना सांगा, की वस्तू मुलाच्या मापाची घ्या आणि माया आत ठेवा. आणि तुम्हाला दुखलं तर बोला रे. मी बंदूक, मला ओरडता येतं, सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येतं.

जाते मी. कृतिकाची आई दाराशी विचारते आहे, रविवारी क्लब किती वाजता उघडतो म्हणून.