टोकियोच्या बाजारातल्या टिपऱ्या

मित्रांनो, काचेच्या कपाटात ज्या दोन काळपट पट्ट्या दिसतात, त्या म्हणजे मी. लाकडी टिपऱ्यांची जुनी जोडी. माझे आयुष्य टोकियोच्या शेअर बाजारात गेले.

सुताराने मला तासले, तेल पाजले आणि बाजारात भाव पुकारणाऱ्या तामेकिची नावाच्या माणसाच्या हाती दिले. त्या काळी दलाल दाटी करून बोटांच्या खुणांनी भाव सांगत. घेणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा मेळ बसला की तामेकिची मला वाजवी. खट्ट. मग तोच भाव सगळ्यांना, मोठ्या पेढीला आणि नवख्यालाही. दलाल माझ्यावर विश्वास ठेवत, याचा मला अभिमान होता.

पुढे युद्ध आले. बाँब पडून शहर जळाले, बाजार बंद झाला. पळताना तामेकिचीने मला छातीशी खोचले होते. त्या हिवाळ्यात पत्र्याच्या खोपटात त्याची लेक कियो तापाने फणफणली. चुलीत घालायला काही उरले नव्हते.

"ह्या टिपऱ्याच घाल," तामेकिची म्हणाला. "बाजार काही आता उघडत नाही."

त्याची बायको शिगे हिने मला उचलले. मला वाटले, संपले सगळे.

"भांडीकुंडी टाकून ही लाकडं आणलीत तुम्ही," ती म्हणाली. "तेव्हा मी किती बोलले. आणि आता जाळा म्हणता? उद्या बाजार उघडला तर काय, टाळ्या वाजवणार आहात?"

"अगं, पोरीला ऊन पेज तरी मिळू दे."

शिगेने पायातल्या लाकडी खडावा काढल्या. तिच्याकडे तेवढ्याच होत्या. "ह्या जाळा. मी चालेन कशीही."

पेज उकळली. कियो हळूहळू सावरली. शिगे मात्र तो सगळा हिवाळा पायांना चिंध्या गुंडाळून पाणी आणत राहिली.

काही वर्षांनी बाजार पुन्हा उघडला. तामेकिचीने मला हाती घेतले आणि मी खणखणीत वाजले. शिगे दाराबाहेर उभी होती.

"ऐकू आलं का?" त्याने बाहेर येऊन विचारले.

"न यायला मी काय बहिरी आहे?" असे म्हणून तिने बाहीने डोळे पुसले.

नंतर देश उभा राहिला. जहाजांचे, मोटारींचे, रेडिओंचे कारखाने निघाले आणि त्यांचे भांडवल याच बाजारात जमले. सौदे इतके वाढले की माझ्या एकेका ठोक्याला कुणाला सवड उरली नाही. मला निवृत्त करून या कपाटात ठेवले. पुढे संगणक आले आणि दलालांनी गजबजलेले ते दालनही रिकामे झाले. आता पापणी लवायच्या आत, आवाज न होता भाव ठरतो. मला त्याचा राग नाही. फक्त कधीकधी फार सुने सुने वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुन्या वस्तू असतील. त्या खुशाल बाजूला ठेवा, पण फेकण्याआधी त्यांच्यासाठी कुणी काय सोसले, एवढे घरच्यांना विचारा. सगळ्याच वस्तूंना माझ्यासारखे ते सांगता येत नाही आणि माणसे आपणहून सांगत नाहीत.